सफोकची पुस्तकं, सेरंगूनचा पत्ता

सेरंगून, सिंगापूर
९ ऑक्टोबर २०२४

दादा,

साष्टांग नमस्कार वगैरे काही लिहिणार नाही, कारण मी रागावले आहे.

तुझं खोकं काल मिळालं. कुरिअरवाल्याने ते दारात टेकवलं आणि कंबर धरून उभा राहिला, त्याला पाणी द्यावं लागलं. मला वाटलं, शॉर्टब्रेड असेल, जोअनवहिनी करायची तसला मुरंबा असेल, किमयाच्या लग्नाआधीच काहीतरी घेऊन ठेवलं असशील. उघडलं तर पुस्तकं. एकात तुमच्या सफोकमध्ये पक्षी कुठे पाहावेत ते नकाशांसकट. एकात सफोकमध्ये आजवर दिसलेला एकूण एक पक्षी. एकात तर नुसते चिखलात उभे राहणारे पक्षी, दोनशे पानं, सगळे करडे, सगळे एकसारखे. असली अकरा पुस्तकं. आणि तळाशी, जोअनच्या हिरव्या मफलरमध्ये गुंडाळलेली तुझी दुर्बीण.

पुस्तकं बघून मी हसले होते. दुर्बीण बघितल्यावर खाली बसले.

किमया ऑफिसातून आली, दोन पुस्तकं चाळली आणि म्हणाली, "आई, ऑल आंग मो बर्ड्‌स लाह. व्हॉट फॉर?" आंग मो म्हणजे इथल्या बोलीत गोरे. मुलीचं बरोबर आहे. विषुववृत्ताच्या शेजारी राहणाऱ्या बाईने सफोकच्या गोऱ्या पक्ष्यांचं काय करायचं? तुझ्या मेव्हण्याने, निशिकांतने, खोक्याभोवती एक फेरी मारली, यार्डात दुरुस्तीला आलेल्या जहाजाभोवती मारतो तशी, आणि म्हणाला, "कॅप्टनने जहाज सोडलं की काय?" मी त्याला म्हटलं, वाट्टेल ते बोलू नकोस. पण रात्रभर तेच वाक्य डोक्यात होतं.

आत एक चिठ्ठी नाही. पत्ता तुझ्या अक्षरात नाही. तू किराण्याची यादीसुद्धा लॉगबुकात लिहितोस तशी ठळक कॅपिटल अक्षरांत लिहिणारा माणूस, आणि खोक्यावर कुणा मुलीचं गोल गोल अक्षर. कोण ही? आणि तुझ्या हाताला काय झालंय?

फोन केला तर अजून जोअनचाच आवाज. "आम्ही पाणथळीवर गेलो आहोत, निरोप ठेवा." दोन वर्षं झाली तिला जाऊन. तू ते यंत्र बदलत नाहीस, आणि जोअनला निरोप ठेवायचं माझ्याच्याने होत नाही. मी फोन ठेवून देते. दर वेळी.

तू कशावरून गप्प बसला आहेस ते मला माहीत आहे. जोअनच्या प्रार्थनेनंतर त्या चर्चच्या मागच्या खोलीत, सगळे सँडविच खात होते तेव्हा मी म्हटलं, "दादा, आता इथे तुझं कोण आहे? सिंगापूरला चल." आणि तू म्हणालास, "माझं सगळं इथेच आहे," आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलास. तेव्हापासून दिवाळीला दोन ओळी, त्यासुद्धा छापील. मी चुकीचं बोलले नव्हते. आजही तेच म्हणेन. पण म्हणून दुर्बीण पाठवून द्यायची?

तुझ्या सगळ्यात जाड पुस्तकात मी कोकीळ शोधली. नाही सापडली. आमच्याकडे ती पहाटे पाचला सुरू होते, आणि समोरच्या ब्लॉकमधले लोक टाउन कौन्सिलकडे तिची लेखी तक्रार करतात. आपल्या आईला हे सांगितलं असतं तर तिने तोंडात बोट घातलं असतं.

कळव. एक ओळ कळव.

तुझी
क्षिप्रा


सेरंगून
२५ नोव्हेंबर २०२४

दादा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहिते, तू वाच.

काल आम्ही सुंगेई बुलोला गेलो. बेटाच्या उत्तर टोकाला कांदळवन आहे, पलीकडे खाडी आणि त्यापलीकडे मलेशिया. क्रांजीला ट्रेनमधून उतरून बस. पुस्तकं नुसती कपाटात ठेवायची म्हणजे मला रोज तुझी आठवण येणार, त्यापेक्षा वापरू म्हटलं. जागांचं पुस्तक बरोबर घेतलं. त्यात लिहिलंय की समुद्रावरून बोचरा वारा येतो, कपड्यांचे थर घालावेत, गुडघ्यापर्यंत बूट असावेत, थर्मासमधून काहीतरी गरम न्यावं. बाकीचं सोडून दिलं, पण थर्मास मी नेला. बत्तीस डिग्रीत आम्ही दोघं वाफाळता चहा पीत बसलो. निशिकांतचा शर्ट अंगाला चिकटला होता आणि तो म्हणत होता, "आता जरा बोचरा वारा सुटला की बरं वाटेल."

मगरींपासून सावध राहण्याची पाटी आहे तिथे. तुझ्या पुस्तकात मगरींबद्दल एक अक्षर नाही.

पण एक गोष्ट पुस्तकात लिहिली आहे आणि ती तिथे जशीच्या तशी झाली. पुस्तक म्हणतं, भरतीच्या आधी येऊन बसा. पाणी चढू लागलं की चिखलावर विखुरलेले पक्षी मागे मागे सरकत उंच जागी गोळा होतात, तुमच्या अगदी पुढ्यात. निशिकांतने यार्डातून भरतीची वेळ काढून आणली होती. आम्ही लाकडी आडोशात बसलो, आणि खरंच, दादा, आले. शेकडो. सगळे करडे, सगळे एकसारखे. मी दोनशे पानांना नावं ठेवली होती ती परत घेते.

त्यात एकाचे पाय तांबडे होते. कुंकवात बुडवल्यासारखे. मी पानं उलटली आणि तो तुझ्या पुस्तकात सापडला. रेडशँक! सफोकच्या पुस्तकातला पक्षी माझ्या सिंगापुरात! मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारचे मोठ्या कॅमेऱ्याचे चिनी आजोबा दचकले. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक बघितलं आणि म्हणाले, "वाह, आंटी, इंग्लंड बुक! नेव्हर माइंड, रेडशँक सेम सेम." मला वाटलं, हा तुझ्या दारातूनच उडून आला असेल. तू पाठवला असशील. हसू नकोस.

त्या पानावर तुझी पेन्सिल आहे. मराठीत. जोअनला वाचता येऊ नये म्हणून मराठीत लिहायचास ना, लबाडा? ब्लाइथच्या खाडीपाशी, "वारा वाईट, चहा बरा." आणखी एका ठिकाणी, "जोअनची मावशी बरोबर होती. अखंड बोलली. एकही पक्षी आला नाही." मी आणि निशिकांत बसमध्ये ही टिपणं वाचून इतके हसलो की आमचा स्टॉप गेला. बिटर्नच्या पानावर मात्र हसू आलं नाही. तो पाणगवतात लपणारा, घुमणारा बगळा. तिथे तू लिहिलंस, "ऐकला. दिसला नाही. जोअन म्हणते, दिसायलाच हवा असं कुठे आहे?"

मला रत्नागिरीची जेटी आठवली. तू माझे डोळे तळहातांनी झाकायचास आणि म्हणायचास, सांग, कुठली लाँच येतेय. मी आपली काहीतरी ठोकून द्यायचे. तू मात्र डोळे मिटून, लाँच वळणाआड असतानाच, इंजिनाच्या आवाजावरून मालकाचं नाव सांगायचास. मला तुझा इतका अभिमान वाटायचा की मी शाळेत तुझ्यावरून भांडले होते.

माझा दादा कुठे गेला? हे मी रागाने विचारत नाही. मला खरंच तुझी फार आठवण येते.

तुझी
क्षिप्रा

ता. क. पॅटला विचारू का? तिचा नंबर जोअनच्या आजारपणातला माझ्याकडे आहे. पण शेजारणीकडून तुझी चौकशी केली तर तू चिडशील. म्हणून थांबले आहे.


सेरंगून
१४ जानेवारी २०२५

दादा,

तिळगूळ घ्या, गोड बोला. तू मुळात बोल, गोड नंतर बघू.

दोन पत्रं लिहिली. तिळगूळ वेगळा पाठवला आहे, तुमच्या कस्टमवाल्यांनी खाल्ला नाही तर मिळेल. निशिकांत म्हणतो, "नाद सोड. त्याला बोलायचं नाही." किमया म्हणते, "आई, ही नोज यू लव हिम. इनफ ऑलरेडी." दोघांनाही मी सांगितलं, तुमचं तुम्ही बघा. पण आज मलाही वाटतंय की हे शेवटचं. कुणाच्या दारावर किती वेळा टकटक करायची? सख्ख्या भावाच्या झाली तरी.

काल पुन्हा बुलोला गेले होते. एकटीच. भरती यायची होती, पक्षी अजून लांब होते, रेडशँक होते हे तांबड्या पायांवरून दुर्बिणीतून कळत होतं. आणि त्या घोळक्यातून एकाने शीळ घातली. स्वच्छ, एका सुरात, ओळीने पाच-सात वेळा. माझ्या अंगावर काटा आला. मी फोनवर ती पकडली. घरी येऊन सगळी पुस्तकं उघडून बसले. असली शीळ व्हिम्ब्रेल नावाचा एक बाकदार चोचीचा पक्षी घालतो असं एकात आहे, पण तो एप्रिल-मेमध्ये येऊन जातो, हिवाळ्यात नसतो, असंही तिथेच लिहिलंय. जानेवारी आहे, म्हणजे व्हिम्ब्रेल बाद. उरला रेडशँक. बघ, आता मीही पक्षीवाली झाले.

आता हे पत्र टपालपेटीत टाकते. मग घरी येऊन तुला फोन लावते. जोअनचा आवाज येईल, तिला नमस्कार करीन, आणि या वेळी फोन ठेवणार नाही. ती शीळ तुझ्या यंत्रावर ठेवीन. "दादा, हा तुझा रेडशँक, माझ्या गावातला." एवढंच. त्यालाही उत्तर आलं नाही तर मी पुन्हा लिहिणार नाही. दिवाळीला दोन ओळी छापील मीही पाठवू शकते.

क्षिप्रा


विमानात
५ एप्रिल २०२५

लाडक्या दादा,

हे पत्र टपालात पडणार नाही. ते का, हे तुला आणि मला माहीत आहे, पण मला ते लिहून काढायचं आहे. तेरा तास आहेत. शेजारचे गृहस्थ घोरतायत.

त्या दिवशी संक्रांतीला मी शीळ ठेवली, फोन ठेवला, चहाचा कप विसळायला घेतला. कप हातातच होता आणि फोन वाजला. मी हॅलो म्हणायच्या आत तू ओरडलास, "गाढवे, व्हिम्ब्रेल आहे तो! रेडशँक कसला! रेडशँक तीनदा वाजतो, उतरत उतरत. हा सरळ सात!"

दोन वर्षांनी भावाचा पहिला शब्द. गाढवे.

मी म्हटलं, "पण पुस्तकात लिहिलंय, जानेवारीत नसतो."

"सफोकमध्ये नसतो! पुस्तक सफोकचं आहे ना? तुमच्याकडे नसेल तर कुठे असेल? सायबेरियातून तुमच्याकडेच तर येतो थंडी काढायला! आणि तो रेडशँकही माझा नव्हे, तोही तिकडचाच. सफोकचं पुस्तक घेऊन सिंगापुरात पक्षी बघतेस? डोकं ठिकाणावर आहे का?"

"पुस्तकं कोणी पाठवली?" मी म्हटलं.

तुला दिसलं नाही, म्हणून सांगते, माझ्या हातातून कप सिंकमध्ये पडला होता आणि निशिकांत नळ बंद करायचं सोडून माझ्याकडे बघत उभा होता. मी तुला विचारलं, "दादा, माझ्या पत्रांत लिहिलं होतं ना सगळं, रेडशँकचं? वाचलं नाहीस?" तू म्हणालास, "पत्रं ड्रॉवरमध्ये आहेत." मी म्हटलं, उघडली तरी का? तू म्हणालास, "उघडली. पॅटला दाखवली. तिला मराठी येत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. किती मूर्ख बाई मी. मग तू एकेक सांगितलंस. खोक्यावरचं गोल अक्षर पॅटच्या नातीचं. तुला दिसत नाही. मधोमध डाग, कडेचं तेवढं दिसतं. इंजेक्शनं चालू आहेत, गेलेलं परत येणार नाही. आणि मी पानंच्या पानं लिहीत होते, मराठीत, अशा गावात जिथे तुझ्याशिवाय मराठी वाचणारा एक माणूस नाही, आणि तुलाही वाचता येत नाही. तू ती उघडून समोर धरायचास आणि तुला ओळींच्या जागी करडी पट्टी दिसायची. आणि मी इथे बसून तुझ्या गप्प बसण्यावर रागवत होते.

मी रडायला लागले तर तू म्हणालास, "रडू नकोस. तू समोर बसलीस तर मला तुझे कान दिसतील, तोंड दिसणार नाही." मी म्हटलं, "बरंच आहे, तोंडाला सुरकुत्या आल्यात." मग आपण दोघंही हसलो. मला तुझं हसू ऐकून जे वाटलं ते इथे लिहिता येत नाही.

खाडीचं मात्र तू तिसऱ्या फोनला सांगितलंस, तेही मी खोदून काढल्यावर. सप्टेंबरात तू एकटा दलदलीत गेलास. भरतीचं कोष्टक घरी वाचून गेलास, आणि तीनचा आकडा तुला आठ दिसला. पाणी मागून आलं. कुत्रा फिरवायला आलेल्या नवरा-बायकोने तुला ओहोळातून ओढून काढलं, चिखलाने माखलेला. गावात झालं, की म्हातारा कॅप्टन आता विसरायला लागला. आणि तू कोणाला सांगितलं नाहीस की डोकं शाबूत आहे, डोळे गेलेत. "चाळीस वर्षं जहाजं बंदरात घातली," तू म्हणालास, "आणि मला भरती वाचता आली नाही." दुसऱ्या आठवड्यात तू खोकं भरलंस. मी विचारलं, मलाच का पाठवलंस? तू म्हणालास, "मग कोणाला देणार होतो? तुझ्याशिवाय आहे कोण?"

दादा, दोन वर्षांपूर्वी त्या चर्चच्या खोलीत मी हेच विचारलं होतं तर तू खिडकीशी गेला होतास. असो.

तेव्हापासून दर रविवारी तू बोलतोस. मी फोनवर आवाज वाजवते, तू नावं सांगतोस. खंड्या, बुलबुल, ती पहाटेची कोकीळ, एकदा निशिकांतने मुद्दाम आमच्या लिफ्टचा आवाज वाजवला तर तेही ओळखलंस, म्हणालास, "बेअरिंग गेलंय, टाउन कौन्सिलला सांगा." तीन महिन्यांत तुझी एकही चूक झाली नाही. पण बाहेर चल म्हटलं की तुझं एकच उत्तर. दलदलीत परत पाय ठेवणार नाही. पॅट म्हणते, तू फाटकापर्यंतसुद्धा येत नाहीस. जानेवारीपासून मला दुसरं काही सुचत नाहीये. माझ्या भावाने उरलेलं आयुष्य पडदे ओढून खुर्चीत काढायचं, हे मला मान्य नाही. व्हिसा यायला वेळ लागला, नाहीतर मार्चमध्येच आले असते.

म्हणून आता नीट ऐक. सिंगापूरला चल असं मी एकदाही म्हणणार नाही. शब्द देते. निशिकांत म्हणतो, हा शब्द दोन दिवस टिकेल. बघू.

दुर्बीण परत आणली आहे. ती मी वापरणार. अकरा पुस्तकांपैकी जागांचं पुस्तक आणलंय, बाकीची माझ्या कपाटात राहतील, परत मागू नकोस. एप्रिल सुरू आहे, बिटर्न घुमतायत. जोअन म्हणायची, दिसायलाच हवा असं कुठे आहे. तिच्याशी मी जन्मात कधी वाद घातला नाही, तूही आता घालू नकोस. भरती मी वाचीन, पक्षी तू वाच.

आणि हे असं करायचं. मी आले की ड्रॉवरमधली तिन्ही पत्रं टेबलावर आण. चहा कर, दूध जास्त. मी तुझ्या समोर नाही, बाजूला बसेन, म्हणजे तुझ्या कडेच्या नजरेत तोंडासकट येईन. मग मी ओळीने वाचून दाखवीन. पहिल्यात मी फार रागावलेली आहे, तेव्हा मध्ये बोलायचं नाही. दुसऱ्यात मगरींवर हसायला हरकत नाही. तिसरं मी भराभर वाचीन, ते चांगलं नाही.

आणि मग हे चौथं. म्हणजे या क्षणी तू हे ऐकतो आहेस आणि बहुतेक माझा आवाज बसलाय. थांब, पाणी पिते.

हं. झालं. आता ऊठ, दादा. हिरवा मफलर मी तुझ्या गळ्यात बांधते, बूट दाराशी काढून ठेवलेत. भरती संध्याकाळची आहे. मी दोनदा वाचली आहे, निशिकांतने एकदा वाचली आहे, आणि तुमची घड्याळं गेल्या रविवारी पुढे गेली तो तासही धरला आहे. पाणी चढायच्या खूप आधी आपण बांधावर असू.

माझा हात धर. फाटक उघडते.

तुझी
क्षिप्रा